रिमोटची शिकवणी

आमच्या दुकानात काउंटरखाली एक खण आहे. त्यात मेलेले रिमोट, गंजलेले सेल आणि कुणी परत न नेलेली झाकणं पडलेली असतात. किस्स्यांचंही तसंच आहे. टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की चार हाताला लागतात.

दुकान रफिकभाईंचं, वडवणीच्या बसस्टँडसमोर. ते काउंटर सांभाळतात, मी लोकांच्या घरांवर चढून डिशच्या छत्र्या बसवतो. पण हल्ली छत्रीपेक्षा रिमोटचंच गिऱ्हाईक जास्त. घरात रिमोट दोन, एक टीव्हीचा, एक डिशचा, आणि म्हाताऱ्या माणसाला दोन्हींचा मेळ काही बसत नाही. मग डिशच्या रिमोटला टीव्हीचं काम शिकवायचं. दोघांना तोंडासमोर तोंड करून काउंटरवर झोपवायचं. एकाचं बटण दाबायचं, मग दुसऱ्याचं. लाल दिवा लुकलुकला की समजायचं, शिकला.

दिवाळी झाली की या कामाला जोर येतो. ऊसतोडीला निघालेली माणसं मागे राहणाऱ्यांची सोय लावून जातात. तशीच यंदा वंदना आली, सासूचे दोन्ही रिमोट घेऊन. सासूचं नाव सरूबाई.

"उद्या गाडी हाय दादा. आत्या एकट्याच ऱ्हात्यात, टीव्हीबिगर त्यास्नी करमत न्हाई. आन् टीव्ही लावायला रोज शेजारच्या मंगलला हाक. तिनं तरी किती दिवस यावं? ह्यो एकच सगळं करील असं करून द्या."

"बसा, होतंय," मी म्हणालो.

"खरंच शिकतो का ह्यो?"

शंका रास्त होती. सगळेच शिकतात असं नाही.

०००

किराणावाले नंदूशेठ एकदा दोन रिमोट घेऊन आले. दोन्हींना प्लास्टिकची पिशवी, वरून रबरं. आमच्याकडे रिमोट उघडा ठेवणं म्हणजे लेकराला थंडीत उघडं ठेवणं. रफिकभाईंनी शिकवून शिकवून बोटं दुखवून घेतली, दिवा काही लुकलुकेना. शेवटी माझ्या लक्षात आलं की रबर नेमकं रिमोटच्या डोळ्यावर बसलंय.

"शेठ, प्लास्टिक काढावं लागंल."

"काढू नका. टीव्ही घेतल्यापासून काढलं न्हाई."

बरीच घासाघीस झाल्यावर त्यांनी नुसतं तोंड उघडायला परवानगी दिली. रिमोट लगेच शिकला. शेठनी तो पुन्हा गुंडाळला, रबर पुन्हा डोळ्यावर चढवलं आणि संध्याकाळी परत आले. म्हणाले, "दुकानात शिकतो आन् घरी जाऊन इसरतो."

०००

बंडूभाऊंच्या टीव्हीचा रिमोट हरवला होता. मग डिशच्या रिमोटला शिकवायला दुसरा कुठून आणायचा? त्यांनी सासुरवाडीहून, माजलगावहून, मेव्हण्याचा रिमोट आणला. टीव्ही वेगळ्या कंपनीचा, हे आम्हाला कोण सांगणार? शिकवला. तो घरी चालला नाही तो नाहीच.

महिनाभराने बंडूभाऊ रस्त्यात भेटले. चेहऱ्यावर तेज.

"आपला रिमोट सासुरवाडीत चालतोय बे. परवा जेवायला गेलतो, खिशातनं काढला आन् सासऱ्याचा टीव्ही बंद केला."

"अरे, मग दुकानात या ना. तुमच्या टीव्हीचं बघू कायतरी."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिथं माझं तेवढंच कुणीतरी ऐकतंय."

०००

एक सूनबाई आल्या. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "भाई, आवाज कमी करायचं तेवढं शिकवा. वाढवायचं शिकवू नका."

गिऱ्हाईकाचं ऐकायचं असतं. रफिकभाईंनी तसंच केलं.

आठवड्याने सासरे स्वतः काठी टेकत आले. "तुमचा रिमोट अर्धवट शिकलाय. आवाज नुसता खाली जातोय. सून म्हनती, नवीन टीव्ही असलेच येतेत."

रफिकभाईंनी रिमोट उलटासुलटा करून पाहिला, चष्मा पुसला. "बरोबर म्हणतात त्या."

मी हसू दाबायला खणात डोकं घातलं.

०००

आणि रफिकभाईंच्या स्वतःच्या घरी? टीव्ही उंच टांगलेला, भाभी त्याचं बटण लाटण्याने दाबतात. रिमोट शिकवून देतो म्हणून भाई दोन वर्षं सांगताहेत. भाभी आता विचारतही नाहीत.

०००

वंदनाचं काम मात्र नीट झालं. टीव्ही लावणं, बंद करणं, आवाज, सगळं एकाच रिमोटवर. बटण चुकू नये म्हणून मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. वंदनाने तो रिमोट जरा वेळ हातातच धरला. "आता मला घोर न्हाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गेली.

संक्रांतीच्या आसपास सरूबाई स्वतःच दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून रिमोट सोडून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"काय मावशी, बंद पडला का?" रफिकभाईंनी विचारलं.

"न्हाई बाबा. लई गुणाचा हाय. ठिपका दाबला की टीव्ही लागतोय."

"मग?"

"त्याला शिकविलेलं सगळं इसरायला लाव."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कावून मावशी? सुनेनं एवढं हौसेनं करून घेतलं."

"तिला सांगू नगं."

भाईंनी बटणं दाबली, दिवा लुकलुकून विझला. सरूबाईंनी रिमोट पुन्हा गाठीत बांधला. "इसरला ना पक्का?"

"पक्का."

त्याच दिवशी संध्याकाळी सरूबाईंच्या गल्लीत एका पत्र्यावर मी छत्री फिरवत होतो. खालून हाक ऐकू आली.

"मंगल, अगं ये बाई जरा. ह्यो मेला परत रुसलाय बघ."

पलीकडच्या घरातून उत्तर आलं.

"आले आत्या. मेथी निवडायची हाय, ती बी घिऊनच येते."