डाव्या बाजूची शिट्टी

लोणीचा धर्माजी मंचरात अँप्लिफायर दुरुस्त करतो आणि छत्तीस वर्षं एकाच गोष्टीचा तोरा मिरवत आलाय: स्वतःच्या कानाचा. मीटर त्याच्याकडेही आहे, पण ते भिंतीला टांगलेलं, दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरतं. त्याची पद्धत अशी. गाणं लावायचं, आवाज अगदी बारीक ठेवायचा, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे फॉल्ट बारीक आवाजातच बोलतो. मग दोन पेट्यांच्या मधे उभं राहून डावा कान डाव्या पेटीला टेकवायचा आणि उजवा उजवीला. एवढ्यावर तो कुठला कंडेन्सर मेलाय ते सांगायचा. एकदा चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून बसला, "ज्या दिवशी ह्यो कान चुकंल, त्या दिवशी दुकानाला कुलूप!" टपरीवाला सुभाष म्हणजे मंचरचं वर्तमानपत्र. संध्याकाळपर्यंत ही प्रतिज्ञा कांद्याच्या मार्केटात पोचली होती. आता मागं घ्यायची सोय नव्हती.

अशात डिंगोऱ्याच्या शाळेतल्या तेजस्विनीबाई जुन्या बाजारातून एक स्टिरिओ अँप्लिफायर घेऊन आल्या. जपानी बनावट, लाकडी कव्हर, पुढं काचेआड दोन सुया. जेवढा आवाज, तेवढी सुई हलणार. सोबत त्याच्याच दोन पेट्या.

"आवाज फाटतो, काका."

"आठ दिवसांनी या, म्याडम. न्हाई जमलं तर कुलूपच लावतो की," धर्माजी हसला.

फाटणारा आवाज त्यानं दुपारपर्यंत सरळ केला. आवाजाच्या बटणात धूळ होती, ती स्प्रे मारून काढली. दोन कंडेन्सर बदलले. मग बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडं फिरवून डावा कान डाव्या पेटीला लावला.

काही नाही.

दिसत होतं ते आणखी चमत्कारिक. काचेमागं डावी सुई नाचत होती. आत कुणीतरी गातंय आणि पेटीनं तोंड दाबून धरलंय, असं.

धर्माजीनं बॅलन्स परत मधे आणून पेट्यांची अदलाबदल केली. मुकी पेटी उजवीकडं जाताच छान वाजली आणि उजवीकडची चांगली पेटी डावीकडं येताच मुकी झाली. म्हणजे पेटीत दोष नाही. वायरी बदलल्या, मुकी ती डावीच. म्हणजे वायरीतही नाही. मग राहिलं काय? राहिली जागा. त्यानं टेबल उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथंही डावीकडं सामसूम. ती मुकी जागा त्याच्याबरोबर चालत आली होती.

आणि मग ती शिट्टी. फार बारीक, काचेवर नख ओढावं तशी, डावीकडून येणारी. त्यानं प्लग काढला. सुया झोपल्या, दिवा विझला. शिट्टी चालूच. भर दुपारी, मार्केट बंद असल्यामुळं अख्खी गल्ली ओस पडलेली, अशा वेळी हातात सुटा प्लग धरून उभ्या धर्माजीच्या मानेवर काटा आला. त्यानं शटर ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली. लोणीच्या रस्त्याला लागल्यावर ध्यानात आलं, की दुकान मागं राहिलं, शिट्टी बरोबर आली.

पाचव्या दिवशी हायवे ओलांडताना डावीकडून ट्रक आला. आवाज नाही, हॉर्न नाही, नुसता धुळीचा लोट आणि लाल बंपर. सुभाषनं कॉलर धरून मागं ओढलं म्हणून वाचला. "धर्माभाऊ, त्यो बोंबलत व्हता की! झोपलावता का?"

तेव्हा धर्माजी अँप्लिफायरच्या आधीच्या मालकाच्या, पोपटलाल शेटजींच्या घरी गेला. हे कापडवाले शेटजी दोन वर्षांमागं वारले आणि त्यांच्या पश्चात हे सामान बाजारात गेलं, ही बातमी अर्थात सुभाषकडची. शेटजींच्या पत्नी सुमतीबाईंनी पाणी पुढं केलं. अँप्लिफायरचं नाव काढताच त्या उठून त्याच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"डावी बाजू वाजत नाही म्हणता ना?" त्यांनीच विचारलं.

"मी अजून बोललोच न्हाई, बाई."

"हेही तसंच म्हणायचे. प्लग काढला तरी शिट्टी येते म्हणायचे. आम्हाला दोन्ही बाजू ऐकू यायच्या, पण सांगून पटायचं नाही. ज्यांच्याकडून आणला, ते नारायणगावचे गृहस्थही हीच तक्रार सांगत होते म्हणे. शेवटी मी यांच्याशी बोलायचं तर बाजू बघून बसायला लागले. ती सवय अजून जात नाही बघा."

धर्माजीनं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

सातव्या दिवशी त्याची बायको ठकूबाई डबा घेऊन दुकानात आली. आठवडाभर तिचा राग साचला होता. जेवताना ती त्याच्या डाव्या हाताला बसायची, काही विचारलं तर उत्तर नाही, आणि शेजारच्या धोंडाबाईनं निदान करून टाकलं होतं, की म्हाताऱ्याचं मन दुसरीकडं गुंतलंय. ठकूबाई डाव्या पेटीला लागूनच टेकली.

"अवो, हितं तर झ्याक वाजतंय. काय बिघडलंय?"

"चेष्टा करू नगंस."

"चेष्टा? या हिकडं." तिनं त्याची हनुवटी धरली आणि मान वळवून त्याचा उजवा कान डाव्या पेटीला लावला.

गाणं धो धो कानात शिरलं. धर्माजीनं डावा कान उजव्या पेटीला लावला. तिथं विहिरीच्या तळासारखी शांतता, आणि त्या शांततेत शिट्टी.

तो स्टुलावर बसला. मोबाइलवरही हे कळलं नव्हतं, कारण गडी डावखुरा, सोल्डरगन डाव्या हातात नि मोबाइल कायम उजव्या कानाला. सुई खरं सांगत होती, बायको खरं सांगत होती. छत्तीस वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला, तो कानच तेवढा खोटं बोलत होता.

"आन् म्या समजले, तुमी मुद्दाम बोलत न्हाई," ठकूबाई म्हणाली. मग डोळ्याला पदर लावत, "उद्या उसातनं डाव्या बाजूनं बिबट्या आला, तर त्यालाबी थांब म्हणाल, पेट्या बदलतो."

धर्माजीला हसू आलं नाही. "ठके, कान माझा गेला, पटलं. पण शेटजींचा कसा गेला? नारायणगाववाल्याचा?"

ठकूबाई उठून पेटीपासून लांब बसली.

आठव्या दिवशी तेजस्विनीबाई आल्या. काही न लपवता धर्माजीनं सगळं सांगितलं: कान, शिट्टी, आधीचे दोघं. "घिऊ नका, म्याडम. हितंच ऱ्हाऊ द्या."

बाई विज्ञान शिकवणाऱ्या. दोन्ही पेट्यांना दोन्ही कान लावून त्यांनी ऐकलं. "काका, वयानं कान जातात. तिघंही साठीचे. यात पेटीचा काय गुन्हा?" सामान गाडीत ठेवून त्या ते घरी घेऊन गेल्या.

सुभाषनं कुलपाची आठवण करून दिलीच. धर्माजी म्हणाला, "फॉल्ट घावला न्हाई तर कुलूप. घावलाय की." प्रतिज्ञा अशी नव्हती, पण त्या दिवशी सुभाषनंसुद्धा तोंड मिटलं. धर्माजीनं भिंतीवरचं मीटर उतरवलं, पुसलं आणि त्यावर काम सुरू केलं. मनाशी तो बाईंचं वाक्य घोकत राहिला: वयानं जातात. बरं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात, अकराच्या सुमारास, मोबाइल वाजला. डिंगोऱ्याहून. धर्माजीनं तो उजव्या कानाला लावला.

"काका, हसू नका हं," तेजस्विनीबाईंचा आवाज जरा चढलेला होता, समोरच्याला कमी ऐकू येतं असं धरून माणूस बोलतो तसा. "डावी बाजू कालपासून वाजत नाही. आणि एक बारीक शिट्टी येतेय."

"प्लग काढून बघा, म्याडम," धर्माजी कसाबसा म्हणाला.

"काढलाय, काका. मी आत्ता शाळेत आहे."