भाकरीचे चार भाग

शिक्षण तंत्रज्ञानाच्या ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं तेव्हा माझ्या नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती. मी बारामतीजवळ पिंपळीत राहते, जवळच्याच एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. रविवारी सकाळी मोबाइलवर तास असायचा. घरात मी खोलीचं दार लावलं की सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हळू बोला गं, सून शाळंत गेलीय."

दुसऱ्या सत्रात जोडीनं व्हिडिओ-पाठ करायचा होता. माझ्या वाट्याला इंदापूरकडचे एक सर आले. त्यांचा कॅमेरा कायम बंद. आवाज खणखणीत आणि प्रत्येक नव्या ॲपची खडान्‌खडा माहिती. असेल कुणी नुकता नोकरीला लागलेला हुशार मुलगा, असं मी धरून चालले होते.

पाठाचा विषय ठरला अपूर्णांक. मी पिझ्झा कापायचं सुंदर ॲनिमेशन तयार केलं. सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, भाकरी घेऊ."

"सर, बारामतीत आता पिझ्झा मिळतो. पोरांना माहीत आहे."

"माहीत असंल. पण आमच्या पोरांनी चौघांत वाटून खाल्लेला न्हाय. भाकरी रोज वाटून खात्यात."

आठवडाभर वाद झाला. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मग या आमच्या घरी आणि करा शूटिंग."

ते खरंच निघाले. मी बारामतीच्या एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला गेले. इंदापूरची गाडी लागली. मी उतरणाऱ्या तरुणांकडे बघत होते. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे, हातात कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "मॅडम, मीच तो."

माझा चेहरा बघून ते मोठ्यानं हसले. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती त्यांच्या. माझ्या स्कूटरवर मागे बसल्या बसल्या, मी न विचारताच ते सांगू लागले, "शाळेत डिजिटल बोर्ड आला. पोरं म्हणाली, सर, तुमाला येतं का? मी म्हटलं, येतं. येत कुठं होतं! मग नाव घातलं."

"आणि कॅमेरा का बंद ठेवता?"

"चालू केला की मला मीच दिसतो. मग लक्ष सगळं मिशीकडं."

घरी सासूबाईंनी ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी तयार ठेवली होती. मी सुरी घेतली, तशा त्या चुलीपासून ओरडल्या, "अगं, भाकरीला कुणी सुरी लावतं व्हय?"

मी सुरी ठेवली. सरांनी मोबाइल धरला. "आता आपण भाकरीचे चार समान भाग करू," असं गोड आवाजात म्हणत मी भाकरी मोडली. दोन तुकडे तळहाताएवढे, एक त्याच्या निम्मा आणि एक तर नुसता पापुद्रा! त्यातच बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मी म्हटलं, "बंद करा, सर. परत घेऊ."

सरांनी बंद केलं नाही. मोबाइलमागूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, पापुद्रा तुम्ही घेणार का?"

"मी का घेऊ?"

"मग हे पाव-पाव भाग झाले का?"

मला हसू आवरेना. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्ही तेच चित्रीकरण ठेवलं. पुढं दुसरी भाकरी घेऊन जमतील तितके सारखे भाग केले, एवढंच.

सोमवारी वर्गात तो व्हिडिओ लावला. पापुद्रा दिसताच सगळा वर्ग ओरडला, "बाई, ही चीटिंग हाय!" चौथीच्या मुलांनी समान भाग म्हणजे काय हे याआधी कधी इतक्या जोरात सांगितल्याचं मला आठवत नाही. माझ्या पिझ्झाबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढला नाही.

तपासणाऱ्या मॅडमनी 'मागचं गाणं टाळता आलं असतं' एवढा शेरा मारला आणि उत्तम श्रेणी दिली. आम्ही दोघंही पास झालो. सरांच्या घरी पेढे वाटले. एक शेजारी विचारत होता म्हणे, मुलगा कितवीला आहे?

सर आता निवृत्त झालेत, तरी गावातल्या शाळेसाठी पाठ बनवतात आणि मला तपासायला पाठवतात. परवा दशांशावर पाठ आला. फार लांब झालाय, निम्मा कापा, असं मी कळवलं. "कापणार न्हाय," असं लगेच उत्तर आलं. आता रविवारी मी इंदापूरला जाणार आहे. समोरासमोर बसल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत.