घोड्याच्या मागच्या पायावरची फुलं

आइंडहोवनच्या स्टेशनवर मला सोडायला शलाकाताई आली होती. तिचं माहेर कऱ्हाडचं, मीही कऱ्हाडचा. परदेशात एवढ्या भांडवलावर ताई-भाऊ व्हायला वेळ लागत नाही. ती फेल्डहोवनला राहते. नवरा चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर, आणि ती स्वतः घरून केक करून देते. तिने थालीपिठांचा डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, “अरे ओंकार, फार्मवरचा जॉब वगैरे ठीक आहे, पण घरमालकीण आजींच्या घरी राहणारेस, तर मदत कर हं. आयतं गिळू नकोस.” तिचा लेक तिला बिलगून उभा होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून येतं. “डूई!” (टाटा!) म्हणून त्याने हात हलवला आणि माझी गाडी सुटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इथलं विद्यापीठ ओस पडतं. बरोबरची मुलं आपापल्या देशी गेली होती. मी मात्र एका स्ट्रॉबेरीवाल्याकडे तोडणीचं काम धरलं होतं. ब्रेडाला गाडी बदलून बसने दक्षिणेला निघालो. दोन्ही बाजूंना मका, झाडांच्या रोपवाटिका, मधूनच एखादी गाय आणि बाकी सगळं आभाळ. डोंगर म्हणून काही नाहीच. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला इथे नजर कुठे टेकवावी तेच कळत नाही.

बेल्जियमच्या हद्दीला टेकलेल्या त्या गावात मी उतरलो, तर थांब्यावर सायकल धरून एक उंच म्हातारी उभी होती. याच आन्स, माझ्या घरमालकीण. हस्तांदोलनासाठी त्यांनी हात पुढे केला तेव्हा तो आधीच थरथरत होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना दिसली. “हात असाच आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “त्याच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. आणि मला नुसतं आन्स म्हणायचं.” नुसतं आन्स माझ्या तोंडातून निघेना. शेवटी मी ‘आन्सआजी’वर तडजोड केली. ‘आजी’ म्हणजे काय ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मला नातवंडं नाहीत. पण चालेल.”

त्यांच्या घरात सगळं घड्याळावर. संध्याकाळचं जेवण इतक्या लवकर की मला ते दुपारचं वाटायचं. उकडलेले बटाटे, घेवड्याच्या शेंगा आणि मीठ-मिरी. मी वर लसणाची चटणी भुरभुरायचो. एकदा त्यांनी चिमूटभर चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी “ती लाल पूड कुठे आहे?” म्हणून स्वतःच मागितली. बदल्यात त्यांनी मला पावाला लोणी लावून वर स्ट्रॉबेरीच्या चकत्या आणि साखर घालून खायला शिकवलं. दिवसभर तीच फळं तोडून घरी येऊन तीच खायची म्हणजे हलवायाच्या पोराने पेढे खाण्यासारखं, पण मी आवडीने खायचो.

रविवारी त्या मला वाडीच्या डेलियाच्या शेतावर नेत. हे प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. या गावात उन्हाळा संपता संपता ‘कोर्सो’ (फुलांच्या रथांची मिरवणूक) निघतो. गावाच्या प्रत्येक वाडीचा स्वतंत्र रथ, स्वतंत्र तंबू आणि स्वतंत्र फुलशेती. सांगाडा लोखंडाचा, त्यावर कागदाच्या लगद्याची जाड कातडी, आणि त्यावर इंचभरही जागा न सोडता डेलियाची फुलं. आपल्याकडच्या गणपती मंडळांसारखंच सगळं. तीच ईर्षा, तेच परीक्षक. शेजारच्या वाडीतलं कोणी तंबूत डोकावलं, तर लगेच कापड खाली सुटतं. मला परकेपणा वाटलाच नाही.

शेतावर पहिल्याच दिवशी मी शोभा करून घेतली. फुलं तोडायला सांगितली, म्हणून छान लांब देठांसकट तोडून गुच्छच बांधला आणि आन्सआजींपुढे धरला. भोवतालची माणसं हसायला लागली. “लग्न करतोस की काय माझ्याशी?” त्या म्हणाल्या. देठ नको होते, नुसती मुंडकी हवी होती. तीही रथाला नव्हेच. कोर्सोच्या आठवड्यात झाड भरून फुलावं म्हणून आधीची फुलं खुडून बांधावर टाकायची असतात. अशी टपोरी, शेंदरी, जांभळी फुलं मातीत टाकताना माझा जीव खालीवर होत होता. घरी आई परडीतलं खाली पडलेलं फूलसुद्धा देवाला चालत नाही म्हणून हळहळते.

परतताना आन्सआजी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालल्या. लहानपणापासून दर वर्षी त्यांनी रथाला फुलं लावली होती. आधी वडिलांच्या खांद्यावर बसून, मग नवऱ्याशेजारी उभं राहून, नवरा गेल्यावर एकटीने. “यंदा मला रथाच्या चेहऱ्यावर फुलं लावू देणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “तिथे ओळ सरळ लागते. पण कुठेतरी मी लावणारच. न लावता गेलेलं एकही वर्ष नाही, आणि हे पहिलं व्हायला नको.” बोलताना त्यांनी सायकलची मूठ घट्ट धरली होती, म्हणून हात स्थिर दिसत होता.

कोर्सोच्या आदल्या आठवड्यात स्ट्रॉबेरीच्या मालकाने कामच थांबवलं. त्याची माणसं सगळी तंबूतच होती. आमच्या वाडीचा रथ म्हणजे नांगर ओढणारा, इथल्या ब्राबांत प्रांताच्या जातीचा एक अवाढव्य घोडा, नदीतून बाहेर येऊन अंग झाडणारा. क्रेटच्या क्रेट फुलं येऊन पडत होती आणि तंबूत ओल्या मातीचा न् हिरव्या देठांचा वास कोंडला होता. आता सुरू झालं ‘टिक्कन’ (फुलं ठोकण्याचं काम). फुलाच्या पोटातून बारीक खिळा घालायचा, शेजारच्या फुलाला भिडवून कातडीत बसवायचा, की पुढचं फूल. लहान-थोर, दुकानदार, शिक्षक, सगळे परांचीवर चढून बसले होते. कोणीतरी मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप ढवळत होतं. फुलांचा कारभार योसकडे होता. हा योस पेशाने सुतार, आवाज ढोलासारखा.

आन्सआजी घोड्याच्या खांद्यापाशी उभ्या राहिल्या. पहिलं फूल बसलं. दुसरं निसटून पडलं. तिसऱ्याचा खिळा वाकडा गेला. मी शेजारीच होतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं जे आहे, तेच मी केलं. त्यांच्या हातातलं फूल काढून घेतलं आणि म्हणालो, “आजी, तुम्ही बसा. मी करतो ना.” त्यांनी दुसरं उचललं, मी तेही घेतलं. वर योसकडे जाऊन सांगून आलो की त्यांचे हात दुखतात, त्यांना बसून करायचं काहीतरी द्या. योसने मान हलवली आणि त्यांना कॉफीच्या टेबलाशी खुर्ची दिली. कप भरायला दुसरी माणसं होतीच. आन्सआजींनी नुसतं बसायचं होतं. मी मात्र पुण्य पदरात पडल्यासारखा खुशीत संध्याकाळपर्यंत फुलं ठोकत राहिलो.

जेवताना त्यांनी चटणीला हात लावला नाही. त्यांची ताटली उचलायला मी नेहमीप्रमाणे उठलो, तर म्हणाल्या, “बस. ताटली माझी आहे.” मग हळूच, पण सरळ डोळ्यांत बघून विचारलं, “माझे हात दुखतात असं तुला कोणी सांगितलं?”

“तसं नाही, मला वाटलं...”

“ते थरथरतात. दुखत नाहीत. तू माझ्या वतीने बोललास. मला विचारलंस का?”

त्यांनी भांडी घासली, पुसली, कपाटात लावली आणि आपल्या खोलीत गेल्या. मला आतून फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. चांगलं करायला गेलो, त्याचं हे फळ.

सकाळी शलाकाताईचा फोन आला. “गणपतीला येणारेस ना? अपॉइंटमेंट घ्यावी लागते का तुझी?” मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, “ओंकार, मी इथे डिपेंडंट व्हिसावर आले ना, तेव्हा सगळे म्हणायचे, तू आराम कर. नवरा म्हणायचा, सासूबाई फोनवर म्हणायच्या. नळाचा माणूस आला तरी हाच बोलायचा त्याच्याशी. कोणी वाईट नव्हतं रे. पण आराम करून करून वेड लागायची वेळ आली होती मला. पहिला केक केला तो करपला, आणि मी तो तसाच अख्खा खाल्ला, कारण तो मी केला होता.” मग नेहमीच्या सुरात, “आता सॉरी म्हण आणि तो विषय संपव. आणि गणपतीला ये.”

मी तंबूत धावलो. “योस, काल मी चुकीचं सांगितलं. त्यांना काम करायचंय.”

योस शिडीवरूनच म्हणाला, “मग मला काय सांगतोस? तिला विचार.”

कॉफीच्या टेबलाशी आन्सआजी हातांची घडी घालून बसल्या होत्या. समोर उकिडवा बसून मी म्हणालो, “मी विचारायला हवं होतं. तुम्हाला काय करायचंय?”

“हा प्रश्न विचारायला तुला एक अख्खी रात्र लागली,” त्या म्हणाल्या आणि उठून तरातरा योसपाशी गेल्या. “कुठलं काम कोणीच करायला तयार नाही?”

योसने डोकं खाजवलं. “मागच्या पायाची आतली बाजू. अंधार आहे, वाकावं लागतं. आणि मिरवणुकीत दिसतही नाही.”

“फुलं लागणारच आहेत ना तिथे?”

“लागणारच. परीक्षक वाकून बघतात.”

“मग मी करते.”

आम्ही दोघं घोड्याच्या पोटाखाली शिरलो. मी दिवा धरला आणि फुलं पुरवत राहिलो. त्यांचा हात फुलापर्यंत जाताना हेलकावे खायचा, पण खिळा कातडीला टेकला की तिथे अंगठा रोवून त्या सगळं वजन टाकायच्या. काही फुलं पडायची. ती उचलून मी पुन्हा त्यांच्याच हातात द्यायचो. दर वेळी माझी बोटं शिवशिवायची. मी आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही, आणि काम काय, तर न करण्याचं. मधे त्या पाठ धरून खुर्चीवर टेकल्या, सूप प्यायल्या, कोणाच्या तरी बाळाचे गाल ओढले आणि परत आल्या. संध्याकाळी तो पाय काळपट लाल फुलांनी भरला. ओळी वाकड्या होत्या. योसने वाकून पाहिलं, बोटाने दोन फुलं हलवून बघितली, पक्की होती. “चांगलं आहे,” एवढंच म्हणून तो गेला. या भागात याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

रविवारी मला मान मिळाला तो रथ ढकलण्याचा. इथे रथांना इंजिन नसतं. वाडीची माणसं सांगाड्याच्या आत शिरून ढकलतात. आतून मला ना घोडा दिसला, ना फुलं, ना गर्दी. दिसल्या फक्त पुढच्या माणसाच्या पोटऱ्या आणि डांबर. बाहेरून बँडचे सूर आणि टाळ्यांचा लोट आला की आम्हाला कळायचं, घोडा चांगला दिसतोय. निकालात आमची वाडी मधेच कुठेतरी राहिली. मोठमोठे बाप्ये गळ्यात पडून रडले, आणि अश्रू पुसायच्या आधीच पुढच्या वर्षीच्या रथावर वाद घालायला लागले.

घामाने निथळत मी आन्सआजींना शोधत गेलो. त्या रस्त्याकडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या, गाल ऊन लागून लाल झालेले.

“तुमची फुलं दिसली?”

“नाही. पुढचा पाय आड येत होता.”

“अरेरे.”

“अरेरे काय? घोडा पूर्ण होता ना?”

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. विद्यापीठ सुरू झालं होतं. मी दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधतोय, तोवर आन्सआजींनी माझ्या बॅगेचा दांडा धरला आणि थांब्याच्या दिशेने चालायला लागल्या. माझा हात पुढे गेला. तो मी तसाच खिशात घातला. कऱ्हाडला आमच्या गल्लीत हे कोणी पाहिलं असतं, म्हातारी बाई पुढे बॅग ओढतेय आणि मागून हा धटिंगण हात खिशात घालून मोकळा चाललाय, तर आईच्या कानावर घालायला माणसं धावली असती. आणि त्यांचं चुकलंही नसतं. आमच्याकडे माया अशीच करतात, समोरच्याच्या हातातलं ओझं काढून घेऊन. तीच एक रीत मला येत होती. आता दुसरी समजली होती, पण अंगवळणी पडली नव्हती. फरशीच्या कडेला चाक अडकलं. त्यांनी हिसका दिला, नाही निघालं. पुन्हा दिला. मी दातांवर दात दाबून उभा राहिलो.

बस आली. म्हातारीच्या हातात बॅग पाहून ड्रायव्हरने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो कुठल्याही भाषेत कळला असता. तो मदतीला उठायला लागला. “राहू द्या,” मी म्हणालो, “त्या ठेवतील.” आन्सआजींनी बॅग गुडघ्यावर घेतली, मग पायरीवर, मग आत सरकवली. माझा गाल थोपटून त्या खाली उतरल्या.

खिडकीतून पाहिलं, तर त्या थांब्याचा खांब धरून धापा टाकत होत्या आणि मोठ्या खुशीत होत्या. मला मात्र ब्रेडा येईपर्यंत चैन पडलं नाही.