झटकलेला फिल्टर

फिल्टरची ती केस अजून मनातून गेलेली नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली, तरी ती बरोबर आलीच.

इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि राऊच्या बाजूला औषधांचे नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका कारखान्यातले डोळ्यांचे थेंब घालून एका बाईचा डोळा गेला. औषध निरीक्षकाला सीलबंद बाटल्यांतही बुरशी सापडली. गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

लगेच ठाण्यात निनावी फोन आला, "हवेचे फिल्टर नकली आहेत. देणाऱ्याला धरा."

थेंब भरायच्या खोलीत हवा छतातल्या हेपा फिल्टरमधून गाळून येते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत काचतंतूंचा घड्या घातलेला नाजूक कागद, एवढंच ते यंत्र. आम्ही एक जप्त केला. हवालदार म्हणाला, "साहेब, मुद्देमालात काय लिहू? हवेची चाळणी?"

तज्ज्ञाने तपासलं तेव्हा तो खरोखरच चाळणी निघाला. कागद जागोजागी फाटलेला होता.

पुरवठादार राजवाड्याजवळच्या दुकानाचा तरुण मालक. त्याला मी बराच वेळ बसवून ठेवलं, आवाजही चढवला. त्याचं एकच पालुपद. "साहेबजी, माल असली आहे. बसवला तेव्हा धूर सोडून टेस्ट केली, मॅनेजर समोर उभे होते. मी तर त्यांना म्हटलं होतं, भिया, याच्या आधी साधे, धुता येणारे फिल्टर लावा, मोटी धूळ ते धरतील. नाहीतर हा महागाचा लगेच चोक होईल. ते म्हणाले, सगळ्यात भारी घेतोय ना, मग बाकीचा फालतू खर्च कशाला?"

मॅनेजरने टेस्ट झाल्याचं मान्य केलं. म्हणजे फिल्टर नंतर फाटले होते. "आमचा एअर प्लांटचा मेकॅनिक बंद गिरणीतून आलाय," तो हळूच म्हणाला. "हे युनियनवाले लोक, साहेब. तुम्हाला तर माहीतच आहे."

मलाही घातपाताचा वास आला. मेकॅनिकला बोलावलं.

पन्नाशी ओलांडलेला मराठी माणूस, धुतलेला शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. पुरवठादाराने तुलनेसाठी दिलेला नवा फिल्टर व्हरांड्यातल्या बाकावर होता. मी आत फोनवर होतो. बाहेर थाप थाप आवाज आला आणि पाठोपाठ हवालदाराचं ओरडणं, "ओ काका! ठेवा ते खाली!"

मी बाहेर आलो. काका पायरीवर उभे राहून फिल्टर तळहाताने झटकत होते.

"अहो, केवढी धूळ बसली याच्यावर! अशी ठेवतात का वस्तू?"

"काका, कारखान्यातही असंच करता?"

"छे हो, हाताने काय होतं? पहिले काठीने झटकतो, मग कंप्रेसरची हवा मारतो. एकदम चकाचक. गिरणीत जिंदगीभर हेच केलं. रुईचे रेशे किती बसायचे! इथे दाबाचा काटा वर गेला की मॅनेजर साहेब मलाच बोलावतात, 'काका, जरा बघा.' मी हात लावला की काटा खाली."

काटा खाली का येतो, ते मला त्याच क्षणी कळलं. भोकांतून हवा बिनअडथळा जात होती.

समोरच्या चहाच्या दुकानातून मी दोन पंच बोलावले. "काका, पुन्हा एकदा करून दाखवाल? नीट, काठी घेऊन." त्यांना वाटलं, साहेबांना शिकायचंय. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि मन लावून करून दाखवलं. मग मी फिल्टरच्या मागे टॉर्च धरला. घड्यांच्या कडांतून प्रकाशाच्या बारीक रेघा आल्या. पंचांनी सह्या केल्या. काका माझ्याकडे बघून हसले.

पुरवठादाराला सोडलं. मॅनेजर आणि मेकॅनिक, दोघांना अटक केली. मॅनेजरचा जामीन त्याच दिवशी झाला. काकांना जामीनदार मिळेना. गिरणीच्या चाळीत स्वतःच्या नावावर घर कोणाचं असणार?

कोठडीपाशी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, माझी गलती काय झाली, ते तरी सांगा."

"हा फिल्टर साफ करायचाच नसतो, काका. भरला की फेकायचा, नवा लावायचा."

"फेकायचा? एवढा महाग? गिरणीत असा फेकला असता तर नोकरी गेली असती."

मग म्हणाले, "त्या बाईंचा दुसरा डोळा ठीक आहे ना?"

पुढे कोर्टात ते सुटले. नोकरी मात्र गेली ती गेलीच. तपास चोख केल्याबद्दल माझं कौतुक झालं, आणि कागदोपत्री तो चोखच होता. गुन्हा कोणाच्या हातून घडला हे पोलीस शोधतो. त्या हाताला काय शिकवलं होतं आणि काय सांगायचं राहिलं, हा प्रश्न मी त्या केसनंतर प्रत्येक तपासात आधी विचारू लागलो. काकांच्या वेळी मी तो विचारला नव्हता.

फिल्टर झटकायचा नसतो, हे त्यांना सांगणारा पहिला माणूस मी होतो. आणि ते मी गजांच्या या बाजूने सांगितलं.