दस्त्यावरची हळद

माझ्या सासऱ्यांचा अंगठा काल माझ्या मुलीच्या गालावर उमटला.

ते जाऊन आज वर्ष झालं.

मला वेड लागलंय असं वाटणाऱ्यांसाठी सांगते, मी ऑडिटवाली बाई आहे. इथे परदेशात, रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांकडे पुरावे मागते. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आप्पा साताऱ्याला शाळेत एनसीसी बघायचे. पोरांना पॉइंट टूटू रायफल शिकवण्यात हयात गेली. रिटायर होऊन बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले आणि महिन्याभरात जाम कंटाळले.

मग एक दिवस ईरा, त्यांची नात, तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, टीच मी लाह."

झालं. म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला.

इथे बंदूक घरी ठेवता येत नाही. सगळ्या परवानग्या काढायच्या आणि ती शूटिंग क्लबच्या आर्मरीत, कुलपात. क्लबमध्येच मेंबरांच्या जुन्या रायफली विकायला होत्या. मी त्यातली नवीकोरी दिसणारी, चकचकीत दुर्बीणवाली दाखवली. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोरीला उंच टाचांच्या चपला घेऊन देत होते.

"साधी पॉइंट टूटू बघ, सुजाता. बारीक गोळी, स्वस्त गोळी, खांद्याला धक्का नाही. पहिल्याच बंदुकीनं हिसका दिला तर पोर दचकायला शिकतं, नेम धरायला नाही. आणि दस्ता आखूड हवा."

मग ईराला म्हणाले, "डोळे मीट. खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड."

डोळे उघडल्यावर समोर सरळ नेम दिसला तर ती आपली. मान वाकडी करावी लागली तर परत ठेवायची.

बऱ्याच परत गेल्या.

शेवटी उरली एक जुनी, लाकडी दस्त्याची. कुणी घेत नव्हतं म्हणून अगदीच स्वस्त.

ईरानं डोळे मिटले, गाल टेकवला. आणि उघडेचना.

"काय गं?"

"आई, समवन ऑलरेडी इनसाइड."

गाल टेकतो तिथे दस्ता झिजून खोलगट झाला होता. आधीचा मालक वारला होता. त्याच्या गालाच्या खळग्यात माझ्या मुलीचा गाल बरोब्बर बसला होता.

मी लगेच म्हटलं, "आप्पा, दुसरी बघू या."

"माणूस गेला म्हणून वस्तूला सुतक नसतं," आप्पा म्हणाले. आणि तीच घेतली.

शिकवायचे मात्र सुंदर. एक गोष्ट घोकून घेतली होती तिच्याकडून. "गोळी सुटली तरी गाल उचलायचा नाही. ती पोचेपर्यंत तिथंच राहायचं."

त्या वर्षी हेझ, म्हणजे दूरच्या जंगलांच्या आगीचा धूर, भयंकर होता. समोरचा ब्लॉक दिसायचा नाही. घरात सुद्धा काहीतरी जळाल्याचा वास.

अशात खंडेनवमीला आप्पा मास्क लावून क्लबवर निघाले. खिशात हळद-कुंकवाची डबी. शस्त्रपूजा चुकवायची नाही म्हणजे नाही.

आर्मरीतल्या अंकलनं रायफल काउंटरवर ठेवली. आप्पांनी हळद ओली केली आणि दस्त्यावर, बरोब्बर त्या खळग्यात, अंगठा दाबला.

"अंकल, कॅनॉट लाह!" आर्मरीवाला बिचारा फडकं घेऊन धावला. घासून घासून पुसलं.

मी ओशाळले. आप्पांनी डबी खिशात घातली.

"पुसू दे त्याला. लाकूड पितं."

पुढच्या आठवड्यात ते गेले. छाती भरली, ॲम्ब्युलन्स आली, संपलं.

ईरा रडली नाही. फक्त रायफलला हात लावेना.

"फर्स्ट दॅट ओल्ड ओनर. नाऊ आजोबा. नेक्स्ट इज मी, आई."

खूप समजावलं. ऐकेना. शाळेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. मराठी ती आजोबांशीच बोलायला लागली होती, तेही बंद झालं. आमच्या घरातला आवाजच गेला.

शेवटी मी ठरवलं, ती रायफल विकून टाकायची. काल तेवढ्यासाठी क्लबवर गेले. तिच्या डोळ्यांदेखत जाऊ दे म्हणून ईरालाही नेलं.

काउंटरवर रायफल आली. ईरा तिच्याकडे बघत राहिली.

"एकदाच," म्हणाली. अंकलनं एक गोळी दिली आणि आम्हाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं.

डोळे मिटले. खांद्याला लावली. गाल टेकवला. एसी चालू असूनही तिच्या कानामागून घाम ओघळताना मला दिसत होता.

गोळी सुटली.

समोरच्या कागदाला भोक पडलं. मधोमध. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ईरानं गाल उचलला नाही.

"ईरा, झालं बाळा."

हलली नाही.

"ईरा!"

"थांब ना आई." मराठीत. वर्षभरानं. "आजोबा म्हणतायत, अजून पोचली नाही."



मग कधीतरी तिनं मान वर केली. उजव्या गालावर पिवळा, लांबट ठसा. अंकल सवयीनं फडकं घेऊन पुढे आला, ठसा पाहिला, आणि फडकं खिशात घालून मागे सरला.

घाम आणि लाकडानं प्यालेली हळद. एवढं मलाही कळतं.

पण आप्पांच्या अंगठ्यावर विळ्याचा तिरका व्रण होता. गालावरच्या ठशात तो आहे. याचा पुरावा मी कुणाकडे मागू?

रायफल विकली नाही. ईरानं विकू दिली नाही.

आज श्राद्धाचं पान तिनंच वाढलं. अखंड बडबड चालली होती. मी विचारलं, "आता भीती नाही वाटत?"

"का वाटेल? आता आत आजोबा आहेत ना."

ती हसली. मला हसता आलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटते. आणि तुमची आठवण येते, आप्पा. दोन्ही एकदमच.

पोरगी परत मिळाली मला. तुम्हीच दिलीत.

पण आप्पा, गोळी पोचली.

आता गाल उचला.

तुमच्या सुजाताचा वाकून नमस्कार.