डिस्कवरचे साडेसात

पोलिसातल्या नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून जातात. लातूरच्या एका क्लासचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं लक्षात आहे, आणि ते सांगताना आजही छाती थोडी फुगते. नावं कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासचे फलक लागले होते. एका मोठ्या क्लासची शिष्यवृत्ती परीक्षा मंगळवारी होती. गुणांवर पुढच्या वर्षीचे मोफत प्रवेश ठरणार होते. सोमवारीच प्रश्नपत्रिका दुसऱ्या एका क्लासच्या मुलांच्या हातात दिसली. क्लासचे संचालक फिर्याद घेऊन ठाण्यात आले.

तपासातली पहिली खबर एका झेरॉक्सवाल्याने आमच्या बीट हवालदाराला दिली. त्याच्याकडे प्रतींसाठी आलेल्या कागदावर पहिल्या मसुद्यातली अकराव्या प्रश्नाची चूक तशीच होती. छापखान्यात जाण्याआधी ती दुरुस्त झालेली होती. म्हणजे पेपर फुटला तो ऑफिसमधून.

आम्ही ऑफिसमधली बॅकअपची हार्ड डिस्क पंचांसमक्ष जप्त केली, तिची हुबेहूब प्रत काढली आणि मूळ डिस्क सील केली. ठाण्यातल्या संगणकावर प्रत उघडली, तर जुन्या फोटोंच्या फोल्डरमध्ये भलत्याच नावाने पेपर ठेवलेला सापडला. तयार झाल्याची वेळ होती रविवार, सकाळी साडेसात.

ऑफिसच्या किल्ल्या दोघांकडे होत्या. एक संचालकांचा मेहुणा, तो व्यवस्थापक होता. दुसरा संगणक ऑपरेटर, तेवीस वर्षांचा मुलगा, त्याच्या वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान. रविवारी व्यवस्थापक किल्लारीला घरच्या लग्नात होता, अर्ध्या गावाने त्याला पंगतीत वाढताना पाहिलं होतं. ऑपरेटर मात्र त्या दिवशी उत्तरपत्रिका छापायला सातलाच आला होता. समोरच्या चहावाल्याने त्याला शटर उचलताना पाहिलं होतं.

मी त्याला चौकशीला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस बहुधा आधी अडचणीची गोष्ट नाकारतो, हा माझा अनुभव. याने एकही नाकारली नाही.

"किल्ली माझ्याकडं होती, हाव. सातला आलो, तेबी खरं हाय. पन पेपर म्या घेतला न्हाई, साहेब."

त्याचे वडील ठाण्याच्या फाटकाशी उभे असायचे. आत या म्हटलं तर येत नसत. एकदा मीच बाहेर गेलो. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाची सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली होती आणि पोलीस पडताळणी बाकी होती. एवढंच म्हणाले, "आमच्या खानदानात पहिलीच नोकरी हाय, साहेब. तुमच्या एका सहीवर हाय." अटक दाखवली असती तर ती नोकरी गेलीच असती. संचालक तर रोज विचारत होते, अजून अटक का नाही.

मला आकड्यांची सवय आहे. किराण्याची बेरीज पुन्हा करून बघतो म्हणून घरची मंडळी अजून हसतात. मी त्या डिस्कवरची सगळीच यादी वाचायला घेतली. आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हजेरीपत्रकं, नोटिसा, पत्रं, सगळ्यांच्या वेळा रात्री साडेअकराच्या पुढच्या. सकाळी साडेनऊनंतर एकही फाइल नाही. त्या डिस्कवर विश्वास ठेवायचा तर हा क्लास रात्रभर चालत होता आणि दिवसभर झोपत होता.

आमच्या ठाण्यात संगणकाचा कोर्स केलेल्या एक महिला शिपाई होत्या. त्यांना यादी दाखवली. त्या म्हणाल्या, "सर, आधी तिथलं घड्याळ बघू."

क्लासच्या संगणकावरचं घड्याळ अगदी बरोबर होतं. बाईंनी त्यामागची सेटिंग उघडली. देश भारत नव्हता, अमेरिकेचा पश्चिम किनारा होता. दुरुस्तीवाल्याने संगणक नव्याने चालू करून दिला तेव्हा त्याने काटे हाताने आपल्या वेळेला आणले, देश बदललाच नाही. आपल्याकडे सर्रास असंच करतात. घड्याळ बरोबर दिसलं की काम झालं.

त्यांनी समजावलं ते असं. पेन ड्राइव्हची जुनी पद्धत घड्याळात दिसेल तीच वेळ लिहून ठेवते. मोठ्या डिस्कची पद्धत वेगळी. ती प्रत्येक वेळ जगाच्या एका सामाईक घड्याळात बदलून लिहिते, आणि दाखवताना जोडलेल्या संगणकाच्या देशाप्रमाणे परत बदलते. क्लासच्या संगणकावर सगळं बरोबर दिसायचं, कारण जाता-येता चूक तीच. आमच्या संगणकावर मात्र भारत होता. हिवाळ्यात या दोन देशांत साडेतेरा तासांचा फरक.

मी रविवार सकाळच्या साडेसातमधून साडेतेरा तास वजा केले. शनिवार, संध्याकाळचे सहा.

कोर्टात वजाबाकी सांगून भागत नाही. बाजारातून नवी डिस्क आणि पेन ड्राइव्ह आणला. दुपारी बाराला पंचांसमक्ष क्लासच्या संगणकावर एक फाइल तयार करून दोन्हींवर घेतली आणि तशीच ठाण्यात आणून उघडली. पेन ड्राइव्ह म्हणाला, बारा. डिस्कने दाखवले दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे दीड. ती पहाट अजून उजाडायची होती. एक पंच म्हणाले, "साहेब, हिच्याकडून उद्याचा पाऊसबी इचारून घ्या." पंचनामा झाला.

मग व्यवस्थापकाला बोलावलं. रविवारचा हिशोब त्याने न विचारता पुन्हा दिला. मी विचारलं, शनिवारी संध्याकाळी सहाला ऑफिसात कोण होतं?

तो म्हणाला, "तो पोरगाच असंल की. रोज तोच बसतो."

"तो दुपारपासून नांदेडला होता. तिथल्या शाखेचे संगणक जोडायला. तुमच्या दाजींच्या गाडीतून गेला, त्यांच्याशेजारी बसून. रात्री त्यांच्याबरोबरच परत आला."

संचालक बाजूच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हां. येताना वाटेत थांबून जेवलो आम्ही." ज्याला अटक करा म्हणून ते रोज येत होते, त्याचे सर्वांत मोठे साक्षीदार तेच निघाले.

व्यवस्थापकाने मग सगळं कबूल केलं. पेपरच्या बदल्यात त्या दुसऱ्या क्लासमध्ये त्याला भागीदारी मिळणार होती. जबाब लिहून घेतला, आरोपपत्र वेळेत गेलं, आणि तो नवा पंचनामा कोर्टात टिकला. साध्या ठाण्यातल्या माणसांनी हे केलं, याचा मला अभिमान आहे. महिला शिपाईंच्या बक्षिसाची शिफारस मी स्वतः लिहिली. ऑपरेटरच्या पडताळणीवर 'हरकत नाही' असा शेरा मारून सही केली.

त्या सहीच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेटरचे वडील पहिल्यांदा ठाण्याच्या आत आले. आभार मानून झाल्यावर घुटमळत राहिले. मग म्हणाले, "कोर्टानं सोडलं तर कागद भेटतो, साहेब. तुमी सोडलं त्याचा कागद काय? बाजारात लोक इचारायलेत."

असा कागद नसतो. कायद्यात कुठेच नाही. मी त्यांना घरी पाठवलं. बाजार भरल्यावर गणवेशात त्यांच्या दुकानी गेलो, बाहेरच्या स्टुलावर बसलो आणि चहा मागवला. मुलगा आत होता, त्याला बाहेर बोलावून शेजारी बसवलं. जाणारे-येणारे थांबून बघत होते. शेजारच्या दुकानदाराने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पेपर याने फोडला नव्हता, आमची खात्री झाली आहे.

खरा गुन्हेगार सापडला की तपास संपला, असं मी तोवर मानत होतो. ज्याच्यावर संशय आला होता त्याच्या गल्लीला खरं कळेपर्यंत तो संपत नाही, हे मी त्या स्टुलावर बसून शिकलो.