ओठ का फुटले नाहीत

नको तिथे नाक खुपसायची मला खोड आहे. त्वचेच्या डॉक्टरला ती उपयोगीच पडते. पण त्या मुलाच्या वेळी दोन महिने माझं नाक कुठे होतं कोण जाणे.

चोपडा गावचा सोळा वर्षांचा मुलगा. जन्मतःच कवटीची हाडं वेळेआधी जुळलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली. लहानपणी ऑपरेशनं करून ती सुटी केली होती. जनुकांतल्या त्याच बिघाडामुळे आता मुरमं चेहऱ्यावरून, पाठीवरून थेट मनगटापर्यंत उतरली होती. असा रुग्ण मी फक्त पुस्तकात पाहिला होता. खोटं कशाला बोलू, दयेच्या आधी मला कुतूहलच वाटलं.

मुरमं मलमांना दाद देईनात, म्हणून रक्त तपासून जालीम गोळी सुरू केली. या गोळीने ओठ हमखास कोरडे पडून फुटतात. ते फुटले की औषध अंगात भिनतंय म्हणून मी निर्धास्त होते. याचे ओठ दोन महिन्यांनीही मऊच.

"गोळ्या फेकून देतोस ना?" मी दरडावलं.

"नाही," तो म्हणाला.

"तेल बठ्ठं बंद करेल शे, डॉक्टर," त्याची आई म्हणाली. "तरी हाऊ चोरीसन शेव खास. नहीतं इतला फोडा कशाले येतीन?"

मी पेन खाली ठेवलं. तेल कधीपासून बंद?

तीन वर्षांपासून. मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी असली, की बाकीच्यांच्या पानात तेलात न्हालेलं भरीत आणि याच्या पानात कोरडी भाकरी. गोळीही त्या भाकरीवरच. आणि ही गोळी तेलातुपाच्या जेवणाशिवाय नीट अंगी लागतच नाही! मी चिठ्ठीवर नुसतं 'जेवणानंतर' लिहिलं होतं. खानदेशात जेवण म्हणजे वर तर्री असणारच, असं धरून चालले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"त्याला भरीत द्या, गोळी त्यासोबत," मी म्हणाले. "मुरमं जन्माच्या दोषातून आलीत. शेवेचा काही संबंध नाही."

मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलला.

"बोटांवरून मला कुणी बोलत नाही. मुरमांवरून सगळे बोलतात. मी चोरून खाल्लं नाही, एवढं लिहून द्या ना."

मी माझ्या लेटरहेडवर तसं लिहिलं, सही केली, शिक्काही मारला. त्याने कागद आईकडे दिला. तिने तो दोनदा वाचला.

"तीन वरीस तुले चोर म्हनत ऱ्हायनू रे, भाऊ," ती मुलाला म्हणाली.